अरब देशांतील फार्मसी: अभ्यासक्रमाच्या आधी प्रशिक्षणाची जागा सुधारायला हवी

आखातातील एका विद्यापीठात फार्मसी प्रॅक्टिस हा विषय शिकवायला निघालेल्या नाशिकच्या एका तरुण प्राध्यापकांनी तीन प्रश्न विचारले आहेत. अरब देशांतील औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण आणि प्रत्यक्ष व्यवसाय सुधारायचा तर सुरुवात कुठून करावी, अमेरिका-कॅनडाचा अभ्यासक्रम जसाच्या तसा घ्यावा का, आणि बाहेरून आलेल्या शिक्षकाच्या हातात त्यातले नेमके काय असते? मी आखातातील रुग्णालयांत बरीच वर्षे क्लिनिकल फार्मासिस्ट (वॉर्डात रुग्णांची औषधे तपासणारा फार्मासिस्ट) म्हणून आणि पुढे इंटर्न विद्यार्थ्यांचा प्रिसेप्टर, म्हणजे प्रत्यक्ष कामावर शिकवणारा मार्गदर्शक, म्हणून काम केले आहे. त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहितो.

माझे मत आधीच सांगतो. गेल्या पंचवीस वर्षांत या देशांत पदवी, अभ्यासक्रम आणि मान्यता या तिन्ही बाबतींत पुष्कळ काम झाले आहे. मागे राहिली ती विद्यार्थी जिथे प्रत्यक्ष काम शिकतो ती जागा, म्हणजे रुग्णालयाचा वॉर्ड आणि औषधाच्या दुकानाचा काउंटर. तिथे शिकवणारा माणूस नसेल, आणि शिकून बाहेर पडलेल्याला ते काम करू देणारी व त्याचा मोबदला देणारी व्यवस्था नसेल, तर अभ्यासक्रमाच्या कितीही आवृत्त्या काढल्या तरी पदवीधर कागदापुरताच क्लिनिकल राहतो. म्हणून सुरुवात प्रिसेप्टरपासून करावी, असे मी ठामपणे म्हणेन.

‘अरब देश’ असे एका शब्दात बोलण्याची आपल्याला सवय आहे, पण अरब लीगच्या २२ सदस्यदेशांत फार्मसीची स्थिती एकसारखी मुळीच नाही. इजिप्तमध्ये १८२७ साली अबू झाबल येथे वैद्यकशाळा निघाली आणि तिच्याच आधाराने औषधनिर्मितीचे आधुनिक शिक्षण सुरू झाले. बैरुतमध्ये, आजच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या पूर्वावतारात, १८७१ पासून फार्मसी शिकवली जाई. बगदादचे महाविद्यालय १९३६ चे, रियाधचे १९५९ चे, तर कुवेतचे १९९६ चे आणि कतारचे थेट २००७ चे आहे. मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशिया या देशांत फ्रेंच पद्धत रुजलेली आहे, ट्युनिशियातील मोनास्तीरच्या विद्याशाखेचे काम १९७५ पासून त्याच वळणाने चालते. सीरियात शिक्षण अरबीतून होते, आखातात इंग्रजीतून. इजिप्त आणि जॉर्डनमध्ये पदवीधर इतके आहेत की त्यांना नोकऱ्या पुरत नाहीत, उलट आखाती देशांनी अनेक दशके इजिप्शियन, जॉर्डनियन, सुदानी आणि भारतीय फार्मासिस्टांच्या बळावर आपली दुकाने आणि रुग्णालये चालवली. त्यामुळे रियाधला लागू पडणारा उपाय खार्टूमला लागू पडेलच असे नाही, आणि पुढे मी जे लिहितो आहे ते मुख्यतः आखात, जॉर्डन आणि इजिप्त डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

पदवीचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे. २००० च्या सुमारास जॉर्डन आणि सौदी अरेबियात फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रम सुरू झाले, आणि आज सौदीतील बहुतेक महाविद्यालये फार्म.डी.च देतात. इजिप्तने २०१९-२० पासून पाच वर्षांच्या बी.फार्म.ऐवजी पाच वर्षे शिक्षण आणि एक वर्ष प्रशिक्षण असा फार्म.डी.चा आराखडा स्वीकारला. लेबनीज अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या फार्म.डी.ला अमेरिकेच्या मान्यता परिषदेची आणि कतार विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला कॅनडाच्या परिषदेची मान्यता मिळाली. या मान्यतांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. बाहेरचे तपासनीस येणार म्हटले की ग्रंथालय, शिक्षकसंख्या, परीक्षा आणि प्रशिक्षणाचे तास यांची शिस्त आपोआप लागते. मात्र तपासनीस कागद पाहतो, आणि प्रशिक्षणाचे १,५०० तास कागदावर सहज भरता येतात.

आपल्याकडेही हेच घडले, म्हणून हा धोका मराठी वाचकाला लगेच कळेल. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ मध्ये फार्म.डी. आणली, महाराष्ट्रातील महाविद्यालयांनीही ती सुरू केली, विद्यार्थी सहा वर्षे शिकले, आणि बाहेर पडल्यावर बहुतेक रुग्णालयांत क्लिनिकल फार्मासिस्टचे पदच नव्हते. कोणी फार्माकोव्हिजिलन्सच्या (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या) कंपनीत गेले, कोणी मेडिकल कोडिंगमध्ये, कोणी परदेशी. इजिप्तमध्ये आणि जॉर्डनमध्ये हाच प्रवाह औषध कंपन्यांच्या प्रतिनिधीपदाकडे वळतो. पदवी आधी आणि पद नंतर, असा हा उलटा क्रम आहे, आणि तो सुलटा करण्याचे काम महाविद्यालयाला एकट्याने जमणार नाही, त्यात आरोग्य मंत्रालय आणि रुग्णालये आली पाहिजेत.

आता प्रिसेप्टरविषयी. बऱ्याच ठिकाणी काय चालते ते आधी पाहा. सकाळी आठ-दहा विद्यार्थी रुग्णालयाच्या फार्मसीत येतात. त्यांना सांभाळणारा फार्मासिस्ट त्याच वेळी आदल्या रात्रीच्या ऑर्डरी तपासत असतो, नर्सचे फोन घेत असतो आणि संपलेल्या औषधाला पर्याय शोधत असतो. तो मुलांना सांगतो, तिकडे बसा, फाइल वाचा. मुले फाइल वाचतात, जमल्यास वॉर्ड राउंडमध्ये डॉक्टरांच्या मागे शेवटच्या रांगेत उभी राहतात, आणि महिनाअखेर लॉगबुकवर सही घेतात. यात दोष त्या फार्मासिस्टचा नाही. त्याच्या कामाच्या तासांत शिकवण्याचा एकही तास कोणी धरलेला नसतो, त्याला शिकवायचे कसे हे कोणी शिकवलेले नसते, आणि शिकवले काय नि न शिकवले काय, पगारात फरक पडत नाही.

चांगले प्रशिक्षण कसे दिसते तेही सांगतो. विद्यार्थिनीला (या वर्गांत मुली मोठ्या संख्येने असतात, आणि त्यांची तयारी फार चांगली असते) चार रुग्ण नेमून दिलेले असतात, ते चार तिचेच. नव्याने दाखल झालेल्या साठीच्या एका बाईंकडे ती जाते. कार्डावर रक्तदाबाचे एक औषध लिहिलेले असते. विद्यार्थिनी बाईंच्या बोलीतली अरबी बोलते, सोबतच्या मुलीला घरून औषधांची पिशवी आणायला सांगते. पिशवीतून अम्लोडिपिनची, म्हणजे त्याच रक्तदाबाच्या औषधाची, दोन खोकी निघतात: एक सरकारी रुग्णालयातून मिळालेले, दुसरे खासगी दवाखान्यातून, वेगळ्या कंपनीचे आणि वेगळ्या रंगाचे. शिवाय गुडघ्यासाठी आणलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या गोळ्या आणि हिलबा, म्हणजे आपली मेथी, साखरेसाठी रोज भिजवून घेतलेली. पायांवर सूज का आहे आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) का वाढले आहे, याचे निम्मे उत्तर त्या पिशवीत असते. ती हे सगळे एका पानावर मांडते, प्रिसेप्टर तिला दोन प्रश्न विचारतो, एका ठिकाणी थांबवतो, आणि राउंडमध्ये डॉक्टरांसमोर तीच बोलते, प्रिसेप्टर तिच्या बाजूला उभा राहतो. त्या दिवशी ती जे शिकते ते दहा व्याख्यानांत येत नाही, आणि डॉक्टरही फार्मासिस्टचा उपयोग कशासाठी असतो हे त्याच क्षणी पाहतो.

असे प्रिसेप्टर तयार कसे व्हायचे? याचे उत्तर या प्रदेशातच आहे. रियाधच्या किंग फैसल स्पेशालिस्ट हॉस्पिटलने आपली रेसिडेन्सी (पदवीनंतर रुग्णालयात काम करत घ्यायचे प्रशिक्षण) अमेरिकेच्या हॉस्पिटल फार्मासिस्ट संघटनेच्या निकषांवर उभी केली आणि तिची मान्यता मिळवली, आणि कतारच्या हमद मेडिकल कॉर्पोरेशननेही तीच वाट धरली. रेसिडेन्सीतून बाहेर पडलेल्या फार्मासिस्टला रोज रुग्ण पाहण्याची आणि कनिष्ठाला शिकवण्याची सवय लागलेली असते. पण अशा जागा मोजक्या आहेत आणि त्या मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांत एकवटलेल्या आहेत. सौदीतील अभा, तबुक किंवा ओमानमधील सलालासारख्या ठिकाणी, किंवा इजिप्तच्या दक्षिणेकडील प्रांतांत, लहान रुग्णालयांनी आपसांत मिळून एक रेसिडेन्सी चालवण्यास हरकत नसावी. एका ठिकाणी अतिदक्षता विभाग, दुसऱ्या ठिकाणी मूत्रपिंडाचे रुग्ण, तिसऱ्या ठिकाणी कर्करोग, अशी विभागणी करता येते.

त्याहून सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे संयुक्त नेमणूक. महाविद्यालयाच्या क्लिनिकल शिक्षकाने आठवड्याचा निम्मा वेळ वॉर्डात काम करावे, आणि रुग्णालयाच्या फार्मासिस्टला महाविद्यालयाने मानधन, पदनाम आणि ग्रंथालयाचा वापर द्यावा. या व्यवस्थेत अडथळा येतो तो बढतीच्या नियमांचा. विद्यापीठात बढती शोधनिबंधांवर मिळते, वॉर्डात घालवलेल्या तासांवर मिळत नाही, आणि म्हणून हुशार शिक्षक वॉर्ड सोडून प्रश्नावल्या वाटू लागतात. ‘अमुक गटाचे तमुक औषधाविषयीचे ज्ञान आणि दृष्टिकोन’ या धर्तीचे निबंध या प्रदेशातून खूप निघतात. त्यांतले काही उपयोगी असतात, पण त्याच श्रमात एखाद्या वॉर्डातील व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकच्या डोसांचे वर्षभराचे ऑडिट झाले असते आणि त्या वॉर्डातील रुग्णांच्या मूत्रपिंडांना त्याचा थेट फायदा झाला असता. बढतीच्या निकषांत अशा ऑडिटला आणि प्रिसेप्टरच्या कामाला गुण मिळाले, तर माझ्या मते बाकीच्या दहा सुधारणांइतका परिणाम होईल.

आणि प्रवेशसंख्या प्रिसेप्टरांच्या संख्येवरून ठरली पाहिजे. एका प्रिसेप्टरमागे एका वेळी तीन-चार विद्यार्थी असा हिशेब धरला, की कोणत्या महाविद्यालयाने किती मुले घ्यावीत हे आपोआप समोर येते. इजिप्त आणि जॉर्डनमधील खासगी महाविद्यालयांना हा हिशेब रुचणार नाही. तरी तो मांडलाच पाहिजे, कारण फी भरणाऱ्या कुटुंबांचे पैसे आणि मुलांची सहा वर्षे त्यात अडकलेली असतात.

दुसरा प्रश्न परदेशी अभ्यासक्रमाचा. अमेरिका-कॅनडाचा सांगाडा घ्यायला माझी हरकत नाही. रुग्णाची समस्या ओळखणे, योजना करणे, पाठपुरावा ठेवणे ही पद्धत सगळीकडे सारखीच असते. पण त्या सांगाड्यावर चढवायचे मांस या भूमीचे हवे, आणि इथे अजून बरेच काम बाकी आहे. रमझानचे उदाहरण घेऊ या. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका या विभागात (त्यात इराण आणि पाकिस्तानही येतात) ७.३ कोटी प्रौढ मधुमेही होते, म्हणजे साधारण सहा प्रौढांमागे एक. २००१ साली १३ देशांतील १२,००० हून अधिक रुग्णांवर झालेल्या पाहणीत असे दिसले की टाइप-२ मधुमेह असलेल्यांपैकी जवळजवळ ७९ टक्के लोक निदान पंधरा दिवस रोजे ठेवतात, आणि रमझानमध्ये त्यांच्यात साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रमाण सुमारे साडेसात पटींनी वाढते. इतक्या मोठ्या आणि दरवर्षी न चुकता येणाऱ्या प्रश्नाला परदेशी पाठ्यपुस्तकात जेमतेम परिच्छेदभर जागा असते.

काउंटरवर हा प्रश्न कसा येतो पाहा. रमझानला दीड-दोन महिने असताना मेटफॉर्मिन दिवसातून तीनदा आणि ग्लिबेनक्लामाइड ही मधुमेहाची औषधे घेणारा एक टॅक्सीचालक नेहमीच्या गोळ्या न्यायला येतो. फार्मासिस्टने त्याला फक्त विचारायचे असते, रोजे ठेवणार का? तो हो म्हणतो, कारण न ठेवण्याचा विचारही त्याला सहन होत नाही. मग मूत्रपिंडाची तपासणी कधी झाली, आधी कधी चक्कर येऊन पडला का, दिवसभर उन्हात गाडी चालवतो का, ही चौकशी. त्यानंतर डॉक्टरांना फोन किंवा चिठ्ठी: ग्लिबेनक्लामाइडऐवजी ग्लिक्लाझाइडसारखे कमी धोक्याचे औषध देता येईल का, मेटफॉर्मिनचा सकाळचा डोस सहरीला, आणि दुपारचा व संध्याकाळचा डोस एकत्र करून इफ्तारला देऊ का. रुग्णाला स्पष्ट सांगायचे की बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही असे बहुसंख्य धर्मविद्वान मानतात, आणि साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर त्याच क्षणी रोजा सोडायचा, मग इफ्तारला दहा मिनिटे उरली असली तरी. ही सगळी बातचीत सात-आठ मिनिटांची असते. ती विद्यार्थ्याने पदवीपूर्वी निदान वीस रुग्णांशी केलेली असावी आणि परीक्षेत तिचे गुण असावेत. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी कधी घ्यायची, दिवसातून चारदा घ्यायचे अँटिबायोटिक कसे बदलायचे, सकाळचे इन्सुलिन आणि रात्रीचे इन्सुलिन यांचे प्रमाण कसे फिरवायचे, हे त्याच विषयाचे पुढचे धडे आहेत.

दुसरे उदाहरण रक्ताच्या आनुवंशिक विकारांचे. जी-६-पीडी या विकराची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता ओमानमध्ये पुरुषांपैकी सुमारे एक-चतुर्थांशांत आढळते, आणि सौदीच्या पूर्व भागात, म्हणजे कतीफ आणि अल-अहसा परिसरातही ती पुष्कळ आहे. प्रायमाक्विन, डॅप्सोन किंवा नायट्रोफ्युरँटॉइन देण्यापूर्वी ही कमतरता आहे का हे विचारणे (ती असेल तर अशा औषधांनी तांबड्या पेशी फुटू शकतात), तान्ह्या बाळाच्या हातापायांना मेंदी लावण्याचा किंवा कपड्यांत ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांचा धोका आईला समजावणे, हे या भागातील फार्मासिस्टचे अगदी रोजचे काम असायला हवे. याच पूर्व भागात सिकल सेलचे रुग्णही मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्यात आढळणारा जनुकीय प्रकार ‘अरब-भारतीय’ म्हणून ओळखला जातो, कारण विदर्भासह भारतातील सिकल सेल रुग्णांतही तोच आढळतो. हायड्रॉक्सियुरियाचा डोस, रक्ततपासणीचे वेळापत्रक, वेदनेच्या झटक्यात मॉर्फिन देण्याबद्दलची डॉक्टर-नर्सची भीती, यांबाबत नागपूर-चंद्रपूरच्या अनुभवाची आणि कतीफच्या अनुभवाची देवाणघेवाण झाली तर ती दोन्हीकडच्या रुग्णांच्या खऱ्या उपयोगाची होईल. तुम्ही महाराष्ट्रातून जात आहात, हा धागा तुमच्या हातात आहे.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात. पारा ४५ च्या वर गेलेल्या शहरात दुकानातून घेतलेले इन्सुलिन गाडीच्या डॅशबोर्डवर अर्धा तास राहिले तर ते खराब होऊ शकते, आणि मग ते घरच्या फ्रीजमध्ये ठेवून काही उपयोग नसतो. २०२४ च्या हजमध्ये मक्केत तापमान ५१ अंशांच्या वर गेले आणि तेराशेहून अधिक यात्रेकरू मरण पावले. लघवी वाढवणारी औषधे, रक्तदाबाची औषधे आणि मधुमेहाची काही नवी औषधे अशा उष्णतेत कशी सांभाळायची हा विषय यात्रेकरूंच्या मूळ देशांतही शिकवला पाहिजे, कारण मुंबई, भिवंडी आणि मालेगावहून जाणाऱ्या हाजींच्या गोळ्यांची पिशवी निघण्याआधी इथलाच फार्मासिस्ट पाहू शकतो.

भाषेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थी सहा वर्षे इंग्रजीतून शिकतो, इंग्रजीतून परीक्षा देतो, आणि मग त्याच्यासमोर एक आजी येते, जिला तिच्या बोलीशिवाय काही कळत नाही. साखर उतरण्याची लक्षणे त्याला इंग्रजीत बिनचूक येतात, आजीला सांगताना मात्र तो अडखळतो आणि शेवटी ‘दिवसातून दोनदा’ एवढेच सांगून मोकळा होतो. इंग्रजी काढून टाका असे मी म्हणत नाही, कारण संदर्भग्रंथ आणि मार्गदर्शिका त्याच भाषेत आहेत. पण रुग्णाशी बोलण्याचा अभ्यास आणि त्याची तोंडी परीक्षा अरबीतून, तीही लोकांच्या बोलण्यातल्या अरबीतून, घ्यायलाच हवी. आखातातील कामगारवस्त्यांच्या दवाखान्यांत परिस्थिती आणखी वेगळी असते. तिथे रुग्ण मल्याळम, बंगाली, उर्दू किंवा हिंदी बोलतो आणि अरब विद्यार्थी गप्प होतो. अशा वेळी चित्रांची लेबले, दुभाषाचा नीट वापर आणि ‘मी काय सांगितले ते तुम्ही मला सांगा’ ही साधी पडताळणी शिकवावी लागते.

आता दुकानांकडे येऊ, कारण पदवीधरांपैकी फार मोठा वर्ग तिथेच काम करतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या रियाधमधील पाहणीत रुग्ण असल्याचे भासवून गेलेल्या संशोधकांना चारपैकी साधारण तीन दुकानांनी चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक दिले होते. कायदा तेव्हाही होता, अंमलबजावणी नव्हती. २०१८ मध्ये सौदी सरकारने एक लाख रियालपर्यंतचा दंड आणि कैदेची तरतूद कडकपणे लागू केली, आणि ही विक्री लक्षणीय प्रमाणात घटली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: फार्मासिस्टांना अँटिबायोटिकचा गैरवापर कळत नव्हता असे नव्हे, त्यांना नाही म्हणण्याचा आधार नव्हता. मालक विक्री मोजतो, ग्राहक शेजारच्या दुकानात जातो, आणि परदेशी फार्मासिस्टचा व्हिसा मालकाच्या हातात असतो. अशा माणसाला नीतिशास्त्राचे व्याख्यान देऊन फार काही साधत नाही. नियम सर्वांना सारखा लागू झाला की त्याच माणसाचा हात आपोआप थांबतो.

मोबदल्याचा प्रश्न इथेच येतो. आज दुकानाला पैसे मिळतात ते खोके विकल्यावर, समजावून सांगण्याबद्दल काही मिळत नाही. त्यामुळे आखातातील साखळी दुकानांत सौंदर्यप्रसाधने आणि व्हिटॅमिनच्या विक्रीची उद्दिष्टे फार्मासिस्टच्या डोक्यावर बसतात, आणि अमिरातीत विम्याच्या मंजुऱ्या घेण्यातच त्याचा अर्धा दिवस जातो. इजिप्तमध्ये १९५५ च्या कायद्यानुसार दुकान फार्मासिस्टच्याच मालकीचे असावे लागते आणि एकाला दोनपेक्षा जास्त दुकाने घेता येत नाहीत. ही चांगली तरतूद आहे, पण सरकारने ठरवलेल्या किमती, घसरलेला पाउंड आणि २०२४ सारखी औषधटंचाई यांच्या कचाट्यात त्या मालक-फार्मासिस्टला समुपदेशनासाठी स्वतंत्र खोली ठेवणे परवडत नाही. सौदीची ‘वसफती’ ही इलेक्ट्रॉनिक प्रिस्क्रिप्शनची सेवा मला या दृष्टीने आशादायक वाटते. सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी खासगी दुकानात भरली जाते, पैसे सरकार देते, आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद राहते. ज्या सरकारला औषधाचे पैसे दुकानाला देता येतात, त्याला मधुमेही रुग्णाच्या औषधांच्या फेरतपासणीचे, रमझानपूर्व सल्ल्याचे किंवा लसीकरणाचे पैसेही देता येतील. सुरुवात एखाद्या सेवेपासून, एखाद्या प्रांतात करावी. फार्मासिस्टच्या वेळेला दर मिळाला की मालक स्वतःहून काउंटरवर दुसरा माणूस ठेवील, आणि महाविद्यालयालाही विद्यार्थी पाठवण्याजोगे दुकान सापडेल.

युद्ध आणि आर्थिक संकटात सापडलेल्या देशांना यातले बरेचसे लागू होत नाही. सीरिया २०११ पूर्वी आपल्या गरजेची जवळजवळ ९० टक्के औषधे देशातच बनवत असे, युद्धाने ती क्षमता मोडली. सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर खार्टूममधील कारखाने, गोदामे आणि विद्यापीठे मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाली. तिथे आज टंचाईतील पर्यायी औषध कसे निवडावे, दान आलेल्या औषधांची छाननी कशी करावी, बनावट औषध कसे ओळखावे आणि वीज नसताना शीतसाखळी कशी टिकवावी, एवढे जरी नीट शिकवले गेले तरी जीव वाचतील. विस्थापित झालेले सुदानी आणि सीरियन शिक्षक कैरो, अम्मान आणि आखातात आहेत, त्यांच्याकडून हे धडे तयार करून घेणे शेजारच्या विद्यापीठांना सहज शक्य आहे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाविषयी, म्हणजे बाहेरून आलेल्या शिक्षकाने काय करावे याविषयी, मी स्पष्ट बोलतो. आखातात स्थानिकांना प्राधान्य देण्याचे धोरण दरवर्षी पुढे सरकते आहे. सौदीत दुकानांतील स्थानिकांचे सक्तीचे किमान प्रमाण २०२० मध्ये २० टक्के, २०२१ मध्ये ३० टक्के, आणि जुलै २०२५ पासून दुकानांत ३५ व रुग्णालयांत ६५ टक्के झाले. हे धोरण योग्य आहे, कारण रुग्णाची भाषा, घर आणि श्रद्धा जाणणारा फार्मासिस्ट त्यातूनच उभा राहील. आपले काम त्याला उभे करण्याचे आहे, म्हणून पहिल्या वर्षीच एका सौदी, ओमानी किंवा कतारी सहकाऱ्याला सोबत घेऊन प्रत्येक रोटेशन (विद्यार्थ्यांची एका विभागातील प्रशिक्षणाची फेरी) चालवा, तुमच्या केस, टिपणे आणि परीक्षेचे तक्ते महाविद्यालयाच्या नावे जपून ठेवा, आणि काउंटरपुरती अरबी शिका. परवान्यासाठीची प्रोमेट्रिक परीक्षा आणि डेटाफ्लोची कागदपत्र-पडताळणी शिक्षकपदासाठी नेहमीच लागत नाही, तरीही ती करून घ्या. परवाना नसलेल्या शिक्षकाला वॉर्डात रुग्णाच्या फाइलवर टिपण लिहिता येत नाही, आणि जो लिहू शकत नाही त्याच्या मागे विद्यार्थी पुन्हा शेवटच्या रांगेतच उभे राहतात.

करारावर सही करण्यापूर्वी महाविद्यालयाला लेखी विचारून घ्या: कोणत्या रुग्णालयाशी सामंजस्य करार आहे आणि त्यात क्लिनिकल शिक्षकाच्या वॉर्डातील कामाचा उल्लेख आहे का, आठवड्यातून किती अर्धे दिवस तुम्हाला तिथे घालवता येतील, एका वेळी तुमच्याकडे किती विद्यार्थी असतील, आणि हे काम वार्षिक मूल्यमापनात कसे धरले जाते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले तर पगार कितीही चांगला असला तरी थांबा, आणि रुग्णालयाच्या फार्मसी प्रमुखांशी एकदा स्वतः फोनवर बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.